बॅटरी उघडताच येत नसेल तर ९९ टक्के कशाचे मोजायचे?

दर थोड्या दिवसांनी एक बातमी येतेच. अमक्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये नवी पद्धत सापडली, इलेक्ट्रिक गाडीच्या जुन्या बॅटरीतून ९८ टक्के लिथियम परत काढता येतं, कुठे ९९ टक्के कोबाल्ट, आणि तेही कमी तापमानाला, सौम्य ऍसिडमध्ये, कधी तर लिंबात असतं त्या सायट्रिक ऍसिडमध्ये. वाचणाऱ्याला वाटतं चला, सुटला एकदाचा हा प्रश्न. मलाही वाटायचं. आता अशी बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो, यांनी ती बॅटरी उघडली कशी? बातमीत हे सहसा नसतं. मूळ पेपरमध्ये असलं तर एका ओळीत असतं, की सेल पूर्ण डिस्चार्ज करून हाताने उघडला आणि कॅथोडची, म्हणजे लिथियम-कोबाल्ट ज्यात असतं त्या भागाची, पट्टी बाजूला काढली. म्हणजे एकच सेल, त्याच्या आत काय आहे हे आधीच माहीत, आणि तो उघडायला शिकलेला माणूस निवांत बसलेला. कित्येकदा तर जुनी बॅटरी नसतेच, कॅथोडची कोरी पावडर विकत आणून तीच ऍसिडमध्ये टाकलेली असते. त्या पावडरीत ना तांब्याचे कण, ना प्लास्टिकचा चुरा, ना दहा वर्षांची झीज.

मला या संशोधकांना नावं ठेवायची नाहीत. केमिस्ट्री अवघड आहे आणि ती कुणीतरी करायलाच पाहिजे. पण जनतेच्या पैशातून रिसायकलिंगचं जे संशोधन चालतं त्याचा भर चुकीच्या टोकाला पडलाय असं माझं ठाम मत झालंय. पावडर विरघळवायच्या पद्धती भरपूर झाल्या. घोडं अडलंय ते त्या पावडरीपर्यंत पोचण्यात, म्हणजे बॅटरी उघडण्यात, आणि हा प्रश्न रिसायकलिंगच्या कारखान्यात सुटणार नाही कारण तो तिथे तयारच होत नाही, तो तयार होतो बॅटरी डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावर, दहा-पंधरा वर्षं आधी.

आधी त्या टक्क्यांचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. लॅबमधले ९९ टक्के म्हणजे ऍसिडमध्ये जेवढं लिथियम टाकलं त्यातलं किती द्रावणात उतरलं, एवढंच बऱ्याचदा असतं. द्रावणात उतरलं म्हणजे हातात आलं असंही नाही, तिथून ते शुद्ध करून पुन्हा बॅटरीच्या दर्जाचं बनवताना आणखी गळती होते. आता नुसता समजण्यापुरता एक हिशोब करून बघा. समजा १०० जुन्या बॅटऱ्या आहेत, त्यातल्या ७० गोळा होऊन कारखान्यापर्यंत पोचल्या, तिथे फोडताना आणि चाळताना १० टक्के माल फॉइलला चिकटून नाहीतर धुळीत गेला, आणि उरलेल्यातून केमिकल प्रोसेसने ९५ टक्के काढलं. शेवटी हातात येतं ६० बॅटऱ्यांएवढं. ९५ चे ९९ करायला कुणाची तरी अख्खी पीएचडी जाते आणि त्याने ६० चे ६२ होतात. गोळा होणाऱ्या ७० च्या ९० केल्या तर तेच ७७ होतात. बातमी मात्र ९९ चीच होते.

आणखी एक गोष्ट. ६० किलोवॅट-तासाच्या एका बॅटरीत लिथियम असतं साधारण ६ किलो. ग्रॅफाइट असतं ५० किलोच्या आसपास. पूर्ण पॅकचं वजन ४०० किलोच्या घरात जातं. ६ किलोतला कण न् कण परत मिळवला तरी बाकीच्या वजनाचं काय केलं हे विचारायलाच हवं, आणि ग्रॅफाइट तर बहुतेक ठिकाणी जळून जातं किंवा गाळ म्हणून पडून राहतं, कारण ते परत स्वच्छ करण्यापेक्षा नवं घेणं स्वस्त पडतं.

बॅटरी आतून कशी असते ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. सगळ्यात आत इलेक्ट्रोड. केसापेक्षा कितीतरी पातळ अशा तांब्याच्या फॉइलवर ग्रॅफाइटचा लेप, तो ॲनोड. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर लिथियम आणि इतर धातूंच्या संयुगाचा लेप, तो कॅथोड. कॅथोडचा लेप फॉइलवर घट्ट राहावा म्हणून पीव्हीडीएफ नावाचा फ्लोरिनवाला बाइंडर, जो निवडलाच यासाठी की वर्षानुवर्षं चार्ज-डिस्चार्ज झालं तरी तो सुटू नये. मध्ये प्लास्टिकचा पातळ सेपरेटर, आणि हे सगळं इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजलेलं. त्या इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराचा पाण्याशी किंवा आगीशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड हा फार विषारी वायू तयार होतो. हे गुंडाळून किंवा थरावर थर रचून धातूच्या डब्यात नाहीतर पाऊचमध्ये बंद केलं की झाला सेल. सेल जोडून मॉड्यूल, मॉड्यूल जोडून पॅक. पॅकमध्ये ४०० व्होल्ट, काही नव्या गाड्यांत ८००. गाडी भंगारात गेली म्हणून हे व्होल्ट कुठे जात नाहीत, जुना पॅक उघडणारा माणूस जिवंत विजेवर काम करत असतो हे आपण कायम विसरतो.

२०१० साली आलेल्या निसान लीफच्या पॅकमध्ये १९२ सेल होते, चार-चार सेलचे ४८ मॉड्यूल. खोलायला वेळ लागायचा पण खोलता यायचं, मॉड्यूल वेगळा काढून तपासता यायचा. त्यानंतर इंडस्ट्री हळूहळू दुसऱ्या दिशेला गेली. २०२० मध्ये बीवायडीची ब्लेड बॅटरी आली, लांबलचक पट्टीसारखे सेल थेट पॅकमध्ये चिकटवलेले, मधला मॉड्यूल हा प्रकारच काढून टाकलेला. टेस्लाच्या ४६८० सेलच्या स्ट्रक्चरल पॅकमध्ये तर सेलच्या मधली जागा पॉलियुरेथेन फोमने भरलेली असते आणि तो पॅक गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. इंजिनिअरिंग म्हणून ही हुशारीच आहे, मी ते नाकारत नाही, कमी वजनात जास्त सेल बसतात, गाडी लांब जाते, खर्च कमी होतो. पण हे सगळं ठरवलं जात होतं तेव्हा त्या टेबलावर रिसायकलिंगवाला बसलेला नव्हता, आणि आजही क्वचितच असतो.

मग असा पॅक कारखान्यात आला की काय करणार? एकेक सेल सोडवत बसायला ना वेळ परवडतो ना माणसं मिळतात, आणि पॅकवर आत नेमकी कुठली केमिस्ट्री आहे, म्हणजे बॅटरी कुठल्या रसायनांची आहे, हे लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून सरळ मार्ग, डिस्चार्ज करा आणि श्रेडरमध्ये घाला, तेही नायट्रोजन वायू भरलेल्या जागेत नाहीतर पाण्याखाली म्हणजे पेट घेणार नाही. बाहेर येतो तो चुरा चाळला, चुंबकाने लोखंड काढलं, तांबं-ॲल्युमिनियमचे तुकडे वेगळे केले की उरते काळी पावडर, तिला सगळे ब्लॅक मास म्हणतात. त्यात कॅथोड असतो, ॲनोडचं ग्रॅफाइट असतं, बाइंडर असतो, फॉइलचे बारीक कण असतात. आता जरा विचार करा, सेलच्या आत कॅथोड आणि ॲनोड वेगवेगळ्या फॉइलवर होते, मध्ये सेपरेटर होता, म्हणजे वस्तू बनवतानाच त्या वेगळ्या ठेवल्या होत्या, वेगळ्या राहिल्या म्हणून तर बॅटरी चालत होती. आपण त्या एका मिनिटात एकत्र कालवून टाकल्या आणि मग त्या परत वेगळ्या करण्यासाठी सल्फ्युरिक ऍसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड, कॉस्टिक सोडा आणि ढीगभर पाणी खर्च करायला बसलो. जगभरातलं निम्मं संशोधन आपणच केलेला हा गुंता सोडवण्यात चाललंय असं कधी कधी वाटतं आणि खरंच वाईट वाटतं, कारण हुशार पोरं त्यात वर्षानुवर्षं घालवतायत.

पद्धती म्हणाल तर ढोबळ तीन आहेत. पहिली भट्टी. १४०० अंशांच्या वर तापमानात सगळं वितळवायचं, खाली कोबाल्ट-निकेल-तांब्याचा मिश्रधातू उतरतो, प्लास्टिक आणि ग्रॅफाइट जळून जातं, लिथियम आणि ॲल्युमिनियम स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, जातं. तिथून लिथियम काढता येतं, पण खर्च वाढतो. भट्टीचा एक मोठा गुण असा की तिला बॅटरी उघडायची फारशी गरज नसते, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. दुसरी ऍसिडची पद्धत, ब्लॅक मास विरघळवून एकेक धातू वेगळा काढायचा. हिच्यात लिथियम बऱ्यापैकी मिळतं, धातू शुद्ध मिळतात, पण मागे सोडियम सल्फेटचं खारं पाणी उरतं आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न टक्क्यांच्या बातमीत कधी येत नाही.

तिसरी पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते आणि तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त काळजी वाटते. डायरेक्ट रिसायकलिंग. कॅथोडची पावडर ही नुसती धातूंची मोळी नसते, तिची स्फटिकरचना बनवायला प्रचंड ऊर्जा लागलेली असते. ती रचना मोडून मूळ धातूंपर्यंत जायचं आणि परत तीच रचना बनवायची, यापेक्षा रचना तशीच ठेवून कमी झालेलं लिथियम तेवढं परत भरायचं, असा हा विचार. किती साधा आणि सुंदर! पण यासाठी कॅथोड स्वच्छ हवा. ग्रॅफाइट मिसळलेला, तांब्याचे कण असलेला, दोन-तीन केमिस्ट्री एकत्र झालेला चालत नाही. म्हणजे श्रेडर आला की ही पद्धत अर्धी मेली. सेल नीट उघडता आला, कॅथोडची पट्टी वेगळी निघाली आणि ती कुठल्या प्रकारची आहे हे माहीत असलं तरच ही जमते. म्हणून मी म्हणतो की उघडण्याचा प्रश्न हा मजुरीचा किंवा भंगारवाल्याचा प्रश्न समजू नका, सगळ्यात चांगली केमिस्ट्री वापरता येणार की नाही हे तोच ठरवतो.

आणि परत मिळवलेला माल दुय्यम असतो हा समज तर सोडूनच द्या. अमेरिकेत वूस्टर पॉलिटेक्निकच्या यान वांग यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की जुन्या बॅटऱ्यांपासून पुन्हा बनवलेला निकेल-मँगनीज-कोबाल्ट कॅथोड नव्याकोऱ्यापेक्षाही जास्त टिकला, कारण त्याच्या कणांच्या आत पोकळ्या जास्त होत्या आणि फुगण्या-आकसण्याचा ताण त्याला कमी जाचला. त्यांनी धातू वेगवेगळे न करता एकत्रच विरघळवून एकत्रच परत घेतले, म्हणजे मधल्या कितीतरी पायऱ्या वाचवल्या. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रेडवुड मटेरियल्स या बॅटरी रिसायकलिंग कंपनीच्या कामकाजाचा डेटा घेऊन हिशोब मांडला, त्यात खाणीतून धातू काढण्याच्या तुलनेत उत्सर्जन निम्म्याहून कमी आलं. एका कारखान्याचा डेटा म्हणजे सगळं जग नाही हे मान्य, पण रिसायकलिंग करण्यात अर्थ आहे का या वादात आता वेळ घालवायची गरज नाही. अर्थ आहेच.

आता पैशाचं बोलू, कारण "बाजार आपोआप करेल" म्हणणारे इथे भेटतात. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा कॅथोड होता लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा. रिसायकलिंगचा सगळा धंदा त्या कोबाल्टवर उभा राहिला, महाग धातू, जगातलं बहुतेक उत्पादन एकट्या काँगोमधून, त्यामुळे परत मिळवला की पैसे सुटायचे. पण कोबाल्ट महाग आहे आणि त्याच्या खाणीत माणसांचे, लहान मुलांचेही हाल होतात म्हणूनच बॅटरीवाल्यांनी तो कमी करत आणला, आधी निकेल-मँगनीज-कोबाल्ट सारख्या प्रमाणात, मग कोबाल्ट एक दशांश, आणि मग एलएफपी, म्हणजे लोह आणि फॉस्फेट, कोबाल्ट-निकेल शून्य. २०२४ मध्ये जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत एलएफपीचा वाटा जवळजवळ निम्म्यावर गेला. वापरणाऱ्यासाठी, खाणीतल्या माणसासाठी, आगीच्या धोक्याच्या दृष्टीनेही ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त रिसायकल करणाऱ्याच्या हातात लोखंड आणि फॉस्फेट येतं, ज्याला भाव नाही, आणि थोडं लिथियम, ज्याचा भाव २०२२ च्या शेवटी आभाळाला टेकला होता तो पुढच्या दोन वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त कोसळला.

ज्या गोष्टीचा भाव दोन वर्षांत असा आपटतो तिच्यावर पंधरा वर्षांची यंत्रणा उभी राहत नाही हो. कॅनडात सुरू झालेल्या लाय-सायकल या बॅटरी रिसायकलिंग कंपनीचं उदाहरण समोर आहे, अमेरिकेत रोचेस्टरला मोठा प्रकल्प बांधत होते, २०२३ मध्ये खर्च वाढल्याने काम थांबलं, २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता ग्लेनकोर या खाण कंपनीने घेतली. त्यात गाडीवाल्यांचीच जुनी बॅटरी अजून फारशी यायला लागलेली नाही. गाडीच्या बॅटऱ्या अंदाजापेक्षा जास्त टिकतायत, आज रिसायकलिंगच्या कारखान्यात जो माल जातो त्यातला मोठा भाग नव्या बॅटऱ्या बनवताना निघालेला स्क्रॅप असतो, स्वच्छ, ओळखीचा, कधीच चार्ज न झालेला. तो माल सोपा. खरी परीक्षा पुढे आहे.

इथे लोक शिसाच्या बॅटरीचं उदाहरण देतात, ती बघा, अमेरिकेत ९९ टक्के रिसायकल होते असं इंडस्ट्री सांगते, मग ही पण होईल. उदाहरण चांगलं आहे पण ते नीट वाचा. शिसाची बॅटरी रिसायकल होते कारण ती सगळीकडे साधारण एकसारखीच असते, शिशाच्या प्लेटा, प्लास्टिकचा डबा, ऍसिड. फोडली की तीन गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. कुणी थोर केमिस्ट्री शोधली म्हणून नाही, वस्तूच तशी आहे म्हणून. आणि त्याच उदाहरणाची दुसरी बाजू, जी माझ्या डोक्यातून जात नाही. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांनी अहवाल काढला की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे उघड्यावर, कसल्याही काळजीशिवाय फोडल्या आणि वितळवल्या जाणाऱ्या शिसाच्या बॅटऱ्या. म्हणजे टक्केवारी उत्तम असूनही मुलांच्या रक्तात विष जाऊ शकतं. कोण उघडतोय, कशाने उघडतोय, त्याला आत काय आहे हे कुणी सांगितलंय का, हे विचारल्याशिवाय नुसत्या टक्क्याला काही किंमत नाही. लिथियमच्या बॅटरीत शिसं नाही पण हायड्रोजन फ्लोराइड आहे, आणि आग आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एक मोठा बॅटरी रिसायकलिंग कारखाना जळाला आणि आजूबाजूच्या लोकांना घरं सोडावी लागली. तो तर रीतसर कारखाना होता.

माझ्या म्हणण्यावर हरकती आहेत आणि त्या पोकळ नाहीत. पहिली, की चिकटवल्यामुळे पॅक हलका आणि मजबूत होतो, स्क्रू लावले तर वजन वाढेल, गाडी कमी अंतर जाईल, म्हणजे तेवढंच अंतर जायला मोठी बॅटरी लागेल आणि जास्त धातू लागतील. बरोबर आहे. पण मी चिकटवूच नका असं म्हणतच नाहीये. चिकटवा, पण सुटेल असं चिकटवा. ठरावीक तापमानाला, किंवा करंट दिल्यावर, किंवा विशिष्ट द्रावकात सोडून देणारे ग्लू यावर काम चालू आहे, मटेरियल सायन्समधला हा काही अशक्य प्रश्न नाही. अवघड एवढंच की गाडीत दहा-पंधरा वर्षं धक्के, ऊन, थंडी सगळं सोसूनही तो ग्लू धरून राहिला पाहिजे आणि शेवटी सांगितल्यावर सुटला पाहिजे. हाच तर संशोधनाचा विषय! इथे पैसा टाका ना. पीव्हीडीएफच्या जागी पाण्यात सुटणारा बाइंडर हा असाच दुसरा विषय, ॲनोडच्या बाजूला तो कधीच आलाय, कॅथोडच्या बाजूला अडतोय.

दुसरी हरकत, की केमिस्ट्री इतक्या वेगाने बदलतेय, आज सोडियम-आयन बॅटरी आली, उद्या सॉलिड स्टेट बॅटरी येईल, तर आत्ताच डिझाइनचे नियम कशाला. माझ्या मते ही हरकत उलट माझ्याच बाजूने जाते. कुठल्या तरी एका कॅथोडसाठी घासूनपुसून बनवलेलं ऍसिडचं सूत्र केमिस्ट्री बदलली की कपाटात जातं. सेल सुटा करता येणं, त्यावर आत काय आहे हे वाचता येणं, हे कुठल्याही केमिस्ट्रीला उपयोगी पडतं. जुना पॅक आधी घराला किंवा ग्रिडला वीज साठवायला वापरायचा आणि मग मोडायचा, हा जो सेकंड लाइफचा विचार आहे त्यालाही हेच लागतं, खराब मॉड्यूल काढून चांगले ठेवता आले पाहिजेत. दुरुस्तीलाही हेच लागतं. एक सेल गेला म्हणून ४०० किलोचा पॅक फेकायचा ही काय पद्धत झाली.

तिसरी हरकत कंपन्यांची, की आतली रचना आमचं गुपित आहे. काही प्रमाणात समजू शकतो. पण रस्त्यावर विकलेली गाडी प्रतिस्पर्धी विकत घेऊन आठवड्याभरात खोलून बघतातच, त्यांच्यासाठी हे गुपित नसतं. गुपित राहतं ते फक्त दहा वर्षांनी तोच पॅक समोर घेऊन बसलेल्या कामगारासाठी.

संशोधन या दिशेने होतच नाही असं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१९ मध्ये आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकाराने रीसेल (ReCell) हे बॅटरी रिसायकलिंगचं संशोधन केंद्र सुरू केलं, त्यांच्या विषयांच्या यादीत डायरेक्ट रिसायकलिंगसोबत रिसायकलिंगसाठी डिझाइन हा विषय सुरुवातीपासून आहे. ब्रिटनमध्ये फॅरडे इन्स्टिट्यूशन या बॅटरी संशोधन संस्थेच्या रीलिब नावाच्या रिसायकलिंग प्रकल्पात रोबोट वापरून पॅक खोलण्यावर काम चालतं. त्याच प्रकल्पात लेस्टर विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये एक पद्धत दाखवली, डेंटिस्ट दातांवरचं कीटण काढायला अल्ट्रासाउंड वापरतात तसंच पण फार ताकदीचं अल्ट्रासाउंड इलेक्ट्रोडच्या पट्टीवर सोडलं की लेप काही सेकंदांत फॉइलवरून सुटून येतो. फॉइल अख्खं, लेप वेगळा, ऍसिड जवळजवळ नाहीच. मला हे वाचून फार आनंद झाला होता. आणि लगेच तीच खंत, की ही पट्टी अख्खी हातात यायला सेल उघडलेला पाहिजे. श्रेड केलेल्या मालाला ही सुंदर पद्धत काय कामाची? तंत्र तयार आहे आणि वस्तू त्याला हात लावू देत नाही, अशी ही गत.

म्हणून जनतेचा पैसा देताना काही अटी घालाव्यात असं मला वाटतं, आणि या अटी कडक असाव्यात. रिसायकलिंगच्या नावाने पैसे मागणाऱ्या प्रकल्पाने खऱ्या, वापरून जुन्या झालेल्या पॅकवर काम करून दाखवावं, कोऱ्या पावडरीवर नाही. टक्केवारी सांगायची तर पॅकच्या पूर्ण वजनाचा हिशोब द्यावा, ग्रॅफाइट कुठे गेलं, फ्लोरिन कुठे गेलं, किती खारं पाणी मागे राहिलं, उघडायला किती माणूस-तास लागले. हा शेवटचा आकडा तर मी सगळ्यात वर लिहायला लावेन. आणि गाडी कंपन्यांना बॅटरीसाठी सरकारी मदत मिळते, ती बहुतेक मोठ्या देशांत कुठल्या ना कुठल्या रूपात मिळतेच, तर बदल्यात त्यांनी जुने पॅक आणि ते खोलायची माहिती विद्यापीठांना द्यावी. आज कित्येक लॅबना खऱ्या बॅटऱ्या मिळणंच अवघड असतं, मग कोरी पावडर आणतात, त्यांना तरी किती दोष देणार.

नियमांच्या बाबतीत युरोप सगळ्यात पुढे आहे आणि त्यांचं कौतुक करायलाच हवं. २०२३ च्या त्यांच्या बॅटरी कायद्यात लिथियम परत मिळवायचं लक्ष्य २०२७ अखेर ५० टक्के आणि २०३१ अखेर ८० टक्के ठेवलंय, कोबाल्ट-निकेल-तांब्यासाठी ९० आणि मग ९५. २०३१ पासून नव्या बॅटरीत थोडा तरी परत मिळवलेला धातू वापरणं सक्तीचं होणार, कोबाल्ट १६ टक्के, लिथियम आणि निकेल ६-६ टक्के, म्हणजे बाजारभाव कोसळला तरी परत मिळवलेल्या मालाला गिऱ्हाईक असेल. फेब्रुवारी २०२७ पासून गाडीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, त्यात केमिस्ट्री, पॅक खोलायचा क्रम, जोड कसे आणि किती आहेत, कुठली अवजारं लागतात, ही सगळी माहिती रिसायकल करणाऱ्याला मिळायला हवी. इतक्या बारीक पातळीवर जाऊन कुणीतरी हे लिहिलंय हे वाचून बरं वाटतं.

पण याच कायद्याचं ११ वं कलम काढून बघा. त्यात लिहिलंय की ई-बाइक आणि ई-स्कूटरसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या आणि त्यांच्या आतले सुटे सेलसुद्धा कुठल्याही स्वतंत्र तंत्रज्ञाला सहज काढता आणि बदलता आले पाहिजेत. सेलपर्यंत! फोन-लॅपटॉपच्या बॅटऱ्यांबद्दलही आहे, त्या तर वापरणाऱ्यालाच काढता आल्या पाहिजेत. इलेक्ट्रिक कार त्या कलमात नाहीत. गाडीतून अख्खा पॅक खाली उतरवणं ही वेगळी गोष्ट, ते होतंच, मी बोलतोय पॅकमधून सेल बाहेर काढण्याबद्दल. म्हणजे तीन-चार किलोच्या ई-बाइकच्या बॅटरीत सेल सुटा झाला पाहिजे असा कायदा आहे, आणि ४०० किलोच्या कारच्या पॅकमध्ये तो फोमच्या ठोकळ्यात कायमचा गाडला तरी हे कलम काही म्हणत नाही, कायदा फक्त तो कसा गाडलाय हे पासपोर्टमध्ये लिहा म्हणतो. ही एक ओळ त्या कलमात कारच्या बॅटरीसाठी यायला हवी, आणि ती यायच्या आधी सुटणारा ग्लू तयार असायला हवा, नाहीतर कंपन्या म्हणतील हे शक्यच नाही आणि त्यांचं तेव्हा खरं असेल. आज लाइनवर जो पॅक चिकटवला जातोय तो साधारण २०४० च्या आसपास कुणाच्या तरी समोर येऊन पडणार आहे. त्या माणसाच्या हातात काय द्यायचं, पान्हा की श्रेडर, हे आत्ता कुठल्या प्रयोगाला पैसे मिळतात त्यावर ठरतंय.